हवेवर तोललेला भार : जुन्या एसयूव्हीच्या मागच्या एअर सस्पेन्शनची परीक्षा

महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या माण तालुक्याला जेमतेम पाचशे मिलिमीटरांवर वर्ष निभवावे लागते. या दोन टोकांच्या मधून जी गाडी सकाळी पसरणीच्या घाटातल्या धुक्यातून निघते आणि संध्याकाळी म्हसवडच्या फुफाट्यात पोचते, तिच्या रबराला, धातूला आणि विजेच्या तारांना एकाच दिवसात दोन ऋतू सोसावे लागतात. नव्या गाडीला हे सोसणे जड जात नाही. परंतु जिची दहा-बारा वर्षे उलटून गेली आहेत, जी मुंबई-पुण्याच्या पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे हस्तांतरित होत अखेर तासगावच्या द्राक्षबागाईतदाराच्या, कराडच्या कंत्राटदाराच्या अथवा दूरच्या प्रांतातून गावी येणाऱ्या विट्याच्या गलाई व्यावसायिकाच्या दारात येऊन उभी राहिली आहे, अशा विलायती बनावटीच्या एसयूव्हीला मात्र हा प्रदेश फार बारकाईने पारखून घेतो. इंजिन अजून दणकट असते, रंग टवटवीत असतो, आतील कातडी बैठका शाबूत असतात. आणि एके दिवशी सकाळी पाहावे तर गाडीचे तोंड वर आणि पाठ खाली, मागच्या चाकावर मडगार्ड टेकल्यासारखे. आमच्याकडच्या गॅरेजांत या तक्रारीचे नाव तीन शब्दांचे आहे : गाडी मागून बसते.

या तक्रारीचा तपास कसा करावा, हा या प्रकरणाचा विषय आहे. बसलेली गाडी हा परिणाम आहे; त्याचे कारण बहुधा वेगळ्या ठिकाणी असते; आणि कारण हाती लागण्यापूर्वी जो भाग बदलला जातो, तो नवा भागही त्याच कारणाने निकामी होतो. मागच्या एअर सस्पेन्शनवर होणाऱ्या अनाठायी खर्चाचा फार मोठा हिस्सा या एका गोष्टीच्या विस्मरणातून उद्भवतो.

रचना

पोलादी पाट्यांची किंवा वेटोळ्यांची स्प्रिंग भार पडला म्हणजे दबते आणि भार उतरेपर्यंत दबलेलीच राहते. मागे सात माणसांपैकी तिघे बसले, वर द्राक्षांच्या पेट्या चढल्या, की गाडीची पाठ उतरते, हेडलाइटचा झोत वर उचलला जातो आणि पुढच्या चाकांची पकड किंचित सैल होते. हा दोष टाळण्यासाठी अभियंत्यांनी पोलादाच्या जागी हवा आणली. दाबलेल्या वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा नियम रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडला होता. परंतु त्या नियमावर चाकांचा भार टाकण्याइतके बळकट आणि तरीही लवचीक रबर तयार होण्यास पुढे अडीच शतकांहून अधिक काळ जावा लागला. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांत १९५३ च्या सुमारास हवेच्या स्प्रिंगा रुळल्या. मोटारींपैकी कॅडिलॅकच्या एल्डोराडो ब्रोअम या गाडीत त्या १९५७ साली आल्या, आणि पाठोपाठच्या वर्षी त्याच उद्योगसमूहाच्या अनेक गाड्यांत देऊ करण्यात आल्या; परंतु गळतीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की पुष्कळ मालकांनी त्या काढून पोलादी वेटोळी बसवून घेतली आणि ती योजना लवकरच गुंडाळावी लागली. सत्तर वर्षांपूर्वी ज्या व्याधीने या युक्तीला पहिल्यांदा ग्रासले, ती व्याधी आजही तीच आहे, हे तपासास आरंभ करतानाच ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

आजच्या काही एसयूव्हींत चारही चाकांवर हवा असते. लँड रोव्हर डिस्कव्हरीची तिसरी आवृत्ती हे त्याचे परिचित उदाहरण. काहींत पुढे पोलाद आणि केवळ मागे हवा अशी विभागणी असते. बी.एम.डब्ल्यू. एक्स ५ च्या २००६ ते २०१३ या काळातल्या पिढीतील अनेक गाड्यांत आणि टोयोटाच्या लँड क्रूझर प्राडोच्या काही आवृत्त्यांत ही दुसरी व्यवस्था आढळते, आणि या प्रकरणात तीच अभिप्रेत आहे.

मागच्या प्रत्येक चाकाशी एक रबरी नळकांडे असते. गॅरेजात त्याला बलून म्हणतात. त्याचे कवच आत गुंफलेल्या धाग्यांच्या जाळीने बळकट केलेले असते; वरचे तोंड टोपणाने बंद असते आणि खालचा भाग एका गुळगुळीत दट्ट्यावर उलटा दुमडून बसलेला असतो. चाक वरखाली झाले की रबराची ती घडी दट्ट्यावरून खालीवर सरकते. मागच्या एका चाकावर सहाशे किलोचा भार आहे आणि बलूनचे कार्यकारी क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर आहे असे धरले, तर आतील हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला सहा किलो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाच्या सुमारे अडीचपट भरतो. एवढा दाब रबराच्या त्या घडीने अहोरात्र, गाडी उभी असतानादेखील, पेलायचा असतो.

बलूनमध्ये हवा भरण्याचे काम विजेवर चालणारा एक छोटा कॉम्प्रेसर करतो. त्याच्या मुखाशी हवा कोरडी करणारा ड्रायर असतो. तेथून हवा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते, आणि तेथील विजेच्या झडपा डावीकडची व उजवीकडची वाट उघडतात वा मिटतात. चाकाच्या आर्मला एका बारीक दांडीने जोडलेला उंचीचा सेन्सर गाडीची पाठ किती वर अथवा खाली आहे याची वर्दी नियंत्रकाला देतो, आणि नियंत्रक त्या वर्दीवरून हवा भरण्याचा किंवा सोडण्याचा हुकूम काढतो. बलून, नळ्या, झडपा, ड्रायर, कॉम्प्रेसर, सेन्सर, नियंत्रक आणि त्यांना वीज पुरवणारे फ्यूज व रिले : संशयितांची यादी एवढीच आहे, आणि ती पूर्ण डोळ्यांसमोर असल्यावाचून तपासास हात घालू नये.

बिघाडाची साखळी

पुणे–कोल्हापूर महामार्गावरून धावणाऱ्या व्होल्वो बसगाड्याही हवेवरच तोललेल्या असतात. पण त्यांचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या जोरावर चालतो, ब्रेकसाठी लागणारी हवाही तोच पुरवतो आणि दिवसभर राबण्यासाठीच तो घडवलेला असतो. एसयूव्हीचा कॉम्प्रेसर तसा नव्हे. त्याने काही क्षण चालावे, कमी पडलेली हवा भरावी आणि स्वस्थ बसावे, अशा हिशेबाने त्याचा दट्ट्या, त्याची रिंग आणि त्याच्या मोटरचे कार्बन ब्रश बेतलेले असतात. बलूनच्या घडीत केसाएवढी चीर पडली म्हणजे गाडी काही लगेच बसत नाही; नियंत्रक उणीव हेरतो, कॉम्प्रेसरला हुकूम देतो आणि गाडी पुन्हा समपातळीवर येते. मालकाला काहीच जाणवत नाही. मात्र जो कॉम्प्रेसर दिवसातून दोन-चारदा चालत होता, तो आता दर काही मिनिटांनी चालू लागतो, तापतो, त्याची रिंग झिजते, आणि रिंग झिजल्यामुळे तेवढीच हवा भरण्यास त्याला अधिक वेळ चालावे लागते. शेवटी एके दिवशी मोटर जळते किंवा तिचा हुकूम वाहणारा रिले चिकटून बसतो, आणि मग गाडी सकाळी बसलेली आढळते. जळालेला कॉम्प्रेसर सर्वांना दिसतो. ज्या चिरेने त्याला जाळले ती चाकाच्या आड, चिखलाखाली, कोणाच्या दृष्टीस न पडता राहते.

या साखळीत ड्रायरचा दुवा सर्वांत सूक्ष्म आहे आणि आपल्या प्रदेशात सर्वांत महत्त्वाचा आहे. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो तेव्हा तिच्यातली वाफही आत येते. ड्रायरमधले सिलिका जेलसारखे शोषक दाणे ती टिपून घेतात, आणि कोरडी हवा बलूनमध्ये जाते. पुढे गाडी रिकामी झाली, पाठ उंचावली, की नियंत्रक जादा हवा सोडतो. ती कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलट दिशेने बाहेर पडते आणि जाता जाता दाण्यांनी टिपलेली ओल आपल्याबरोबर घेऊन जाते. अशा रीतीने ड्रायर दर फेरीला स्वतःच वाळत राहतो, म्हणूनच तो वर्षानुवर्षे टिकतो. आता बलून गळू लागला तर काय होते ते पाहावे. ओली हवा ड्रायरमधून आत येतच राहते, आणि कोरडी झालेली हवा परत ड्रायरकडे न येता चिरेतून परस्पर निघून जाते. दाण्यांच्या वाट्याला भिजणे तेवढे येते. वाळण्याची पाळी येतच नाही. ही गाडी जर आषाढ-श्रावणात पाचगणी, महाबळेश्वर किंवा कोयनेच्या खोऱ्यात उभी असेल, जेथे दिवसचे दिवस हवा बाष्पाने संपृक्त असते, तर दाणे ओल धरून फुटू लागतात, त्यांची भुकटी होते, आणि ती भुकटी हवेबरोबर व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाऊन झडपांच्या आसनावर बसते. मग झडप पूर्ण मिटत नाही, आणि आजवर धडधाकट असलेला दुसरा बलूनही रात्रीत रिकामा होऊ लागतो. गळती एका कोपऱ्यात सुरू झाली आणि व्याधी सर्व अंगात पसरली, ती अशी.

पूर्वेकडील तालुक्यांत क्रम वेगळा असतो. माण, खटाव, आटपाडी, जत या भागातली बारीक कठीण धूळ रबराच्या घडीत आणि दट्ट्याच्या मध्ये जाऊन बसते, आणि प्रत्येक गचक्याबरोबर कवच घासते. तेथे आधी बलून जातो, ड्रायर मागाहून. सांगली शहर आणि कृष्णाकाठची गावे यांची आणखी एक निराळी नोंद ठेवली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले होते. अशा पुरात जी गाडी उभी होती, तिच्या सेन्सरच्या जोडांत आणि कॉम्प्रेसरच्या श्वासनळीत गढूळ पाणी शिरलेले असू शकते, आणि तांब्यावर चढणारा हिरवा गंज पुढे पुष्कळ काळाने विजेचा मार्ग अडवतो. म्हणून जुनी गाडी घेताना त्या काळात ती कोठे होती याचा दाखला मागणे हे अविश्वासाचे नव्हे, दक्षतेचे लक्षण आहे.

मालकाची जबानी

हत्यार उचलण्यापूर्वी मालकाला नीट विचारावे. गाडी किती वेळात बसते : तासाभरात, रात्रीत, की चार दिवस उभी राहिल्यावर? एकच बाजू उतरते की दोन्ही? उभी असताना उतरते की धावताना? माणसे बसल्यावर पाठ सावकाश का होईना उचलली जाते, की मुळीच उचलली जात नाही? कॉम्प्रेसरचा घरघराट पूर्वीपेक्षा वारंवार ऐकू येतो, की अजिबात ऐकू येत नाही?

या प्रत्येक उत्तरात अर्धे निदान दडलेले असते. एकच कोपरा रात्रीत उतरत असेल तर संशय त्या बाजूच्या बलूनवर, नळीवर किंवा त्या बाजूच्या झडपेवर. दोन्ही कोपरे सारख्याच गतीने उतरत असतील तर एकाच वयाचे दोन्ही बलून विरले आहेत, अथवा भुकटीने दोन्ही झडपांची आसने बिघडवली आहेत. उभी असताना उंची टिकते पण भार चढल्यावर पाठ उठत नाही, असे असेल तर गळती बाजूला ठेवून कॉम्प्रेसर आणि त्याची वीज पाहावी. आणि गाडी दिवसरात्र एकाच चुकीच्या उंचीवर, वर अथवा खाली, स्थिर राहत असेल, तर हवा दोषी नसून उंचीची खोटी वर्दी देणारा सेन्सर दोषी असण्याचा संभव अधिक.

मोजमाप आणि हवामान

जबानीनंतर रुजुवात. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंस टेपने मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधली हवा कमीजास्त असली तर त्या मापात ती खोट मिसळते. संध्याकाळी एकदा, निजण्यापूर्वी एकदा, पहाटे एकदा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकदा अशी मापे घेतली, म्हणजे गाडी बसण्याची गती कागदावर येते. या सर्व वेळेत दारे उघडू नयेत आणि किल्ली फिरवू नये. कित्येक गाड्यांत दार उघडताच नियंत्रक जागा होतो आणि हवा भरून पुरावाच पुसून टाकतो.

येथे हवामानाचा हिशेब विसरता कामा नये. सांगलीच्या ३५ अंशांच्या दुपारी समपातळीवर आणलेली गाडी महाबळेश्वरी नेऊन १० अंशांच्या पहाटे पाहिली, तर निरपेक्ष तापमान ३०८ वरून २८३ वर, म्हणजे सुमारे आठ टक्क्यांनी उतरलेले असते. भार तोच असल्याने दाब तोच राहतो, आणि हवेचे आकारमान त्या प्रमाणात आकसते. बलूनमधील हवेचा स्तंभ वीस सेंटिमीटरांचा धरला तर गाडी सुमारे दीड सेंटिमीटर खाली येईल, आणि गळती मात्र कोठेही नसेल. अशी उतरलेली गाडी ऊन चढले की आपसूक थोडी वर येते. गळणारी गाडी ऊन चढल्यावरही खालीच जात राहते. पहाटेच्या मापाबरोबर दुपारचे माप घेण्याचे प्रयोजन हे आहे.

साबणाचे पाणी

गळतीचा शोध घेण्यास साबणाच्या पाण्याहून सरस साधन अद्याप निघालेले नाही. परंतु त्याआधी सावधगिरीचा एक नियम कधीही मोडू नये : हवेवर तोललेल्या गाडीखाली केवळ हवेच्या किंवा जॅकच्या भरवशावर कोणीही शिरू नये. गाडी जॅकवर चढताच सेन्सरला पाठ उंचावल्याचा भास होतो आणि नियंत्रक हवा सोडू लागतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीने यंत्रणा बंद करावी, चॅसीखाली लोखंडी स्टँड लावावेत, आणि मडगार्ड व चाक यांच्या फटीत हात घालण्यापूर्वी ही व्यवस्था पुन्हा एकदा तपासावी.

चाक उतरवले की बलून समोर येतो. प्रथम तो स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावा, कारण चिखलाचा थर बारीक चीर बुजवून ठेवतो. चाकाचा आर्म किंचित खाली लोंबता ठेवावा, म्हणजे रबराची जी घडी एरवी दट्ट्यावर दुमडलेली राहते, ती उलगडून बाहेर येते. आत हवा मात्र भरलेली असावी. मग भांडी घासण्याचा पातळ साबण पाण्यात मिसळून फवाऱ्याने त्या घडीवर सर्व बाजूंनी सोडावा आणि थांबावे. मोठे छिद्र असेल तर फेस उसळून येतो आणि ते कोणालाही दिसते. खरी परीक्षा बारीक चिरेची असते. तेथे काही वेळ काहीच घडत नाही. मग घडीच्या तळाशी, जेथे रबर वर्षानुवर्षे त्याच जागी वाकत आले आहे, तेथे बारीक भेगांच्या जाळ्यातल्या एका रेषेवर साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका उमटतो, त्याच्याशेजारी दुसरा, आणि पाहता पाहता ती रेषा फेसाने ओवली जाते. पाच मिनिटे डोळा न हलवता पाहिल्याखेरीज ही रेषा सापडत नाही. रबरावर वरवर दिसणाऱ्या सर्वच भेगा गळत नसतात. फेस येणारी भेग तेवढी गुन्हेगार. त्याच पाण्याने टोपणाचा सांधा, नळी जेथे खुपसलेली असते तो जोड, व्हॉल्व्ह ब्लॉकची सर्व तोंडे आणि कॉम्प्रेसरची हवा सोडणारी वाट यांचीही तपासणी करावी.

अन्वय आणि व्यतिरेक

फेस कोठेच आला नाही आणि गाडी तरी बसते, तर आपल्या न्यायशास्त्राने सांगितलेल्या अन्वय-व्यतिरेकाचा आश्रय घ्यावा : कारण असेल तेथे कार्य असते, आणि कारण दूर केले की कार्यही दूर होते. समजा, डावा कोपरा रात्रीत चार सेंटिमीटर उतरतो. दोष बलूनचा व नळीचा, की झडपेचा? यंत्रणा बंद ठेवून, हवा उतरवून, डाव्या बलूनची नळी व्हॉल्व्ह ब्लॉकपासून सोडवावी आणि तिच्या टोकाला टायरला असतो तसा झडपेचा तुकडा जोडावा. मग गॅरेजच्या कॉम्प्रेसरने तिच्यात हवा भरून तो कोपरा नेहमीच्या उंचीला आणावा व रात्रभर तसाच ठेवावा. आता ब्लॉक या मांडणीतून वगळला गेला आहे. सकाळी कोपरा तरीही उतरलेला असेल तर ब्लॉक निर्दोष ठरला आणि बलून वा नळी दोषी ठरली. उंची टिकली असेल तर बलून सुटला आणि दोष ब्लॉकमधल्या झडपेवर येऊन ठेपला. एक रात्र आणि एक किरकोळ जोड एवढ्यावर हा निवाडा होतो, आणि तो अंदाजावर उभा नसतो. नळी परत बसवताना तिचे टोक धारदार पात्याने काटकोनात कापावे. तिरक्या कापलेल्या टोकातून नवी गळती जन्मते.

कॉम्प्रेसर, वीज आणि सेन्सर

कॉम्प्रेसर मुळीच चालत नसेल तर त्याला मृत घोषित करण्याची घाई करू नये. आधी फ्यूज, मग रिले, मग तार, शेवटी मोटर असा क्रम ठेवावा. हुकूम सुटला असताना कॉम्प्रेसरच्या जोडापाशी मीटरने व्होल्ट मोजावेत. बॅटरीच्या टोकांशी मिळणाऱ्या आकड्याहून तेथे एक व्होल्टाहून अधिक तूट आढळली, तर वाटेत कोठेतरी गंज अथवा जळका सांधा वीज खात आहे. पुरेशी वीज पोचूनही मोटर मुकी असेल तर ब्रश झिजले आहेत किंवा मोटर जळाली आहे. तापून आपणहून बंद पडलेला कॉम्प्रेसर थंड झाल्यावर पुन्हा चालतो, हेही स्मरणात असावे. तो चालतो पण पाठ उचलत नाही, तर ड्रायरच्या अलीकडचे तोंड मोकळे करून हवेचा जोर पाहावा : तेथे जोर आला तर ड्रायर तुंबला आहे, तेथेही आला नाही तर रिंग गेली आहे. आणि गाडी बंद केल्यावरही घरघर थांबत नसेल तर रिले चिकटला आहे, तो तत्काळ काढावा.

या कामात सातारा-सांगलीचा कारागीर उपरा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून नांगर, पंप आणि इंजिने यांच्या विद्येचा या भागात पिढ्यान्‌पिढ्या प्रसार झाला, आणि आज तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत शेतीपंपाची मोटर रिवाइंड करणारे दुकान आढळते. दट्ट्या, रिंग, ब्रश आणि वेटोळे या ज्याच्या रोजच्या हाताखालच्या वस्तू आहेत, त्याला हा छोटा कॉम्प्रेसर अगम्य वाटण्याचे कारण नाही. नियंत्रकाची भाषा तेवढी त्याने नव्याने शिकून घ्यायची आहे.

ती भाषा स्कॅनर वाचून दाखवतो. परंतु कॉम्प्रेसर अधिक तापला, पाठ ठरलेल्या वेळात उचलली गेली नाही, अशा ज्या नोंदी तो काढून देतो, त्या घटनेच्या नोंदी असतात, कारणाच्या नव्हेत. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. सेन्सर सांगतो ती उंची आणि टेपने मोजलेली उंची शेजारी शेजारी लिहावी. दोन्ही बाजूंचा फरक जुळत नसेल, तर सेन्सरची दांडी वाकली आहे, तिचा गोळीचा सांधा गंजला आहे, किंवा पूर्वीच्या कोणी आर्म बदलताना ती चुकीच्या जागी जोडली आहे. हा दोष काही वेळा हाताने दांडी हलवताच उघडा पडतो, आणि त्यापायी बलून व कॉम्प्रेसर दोन्ही बदलून झालेल्या गाड्या पाहिल्या म्हणजे मन विषण्ण होते.

दुरुस्तीचा क्रम

कारण हाती लागल्यावर दुरुस्ती साखळीच्या मुळापासून शेवटाकडे करावी. प्रथम गळती बंद करावी. बलून बदलायचा तर दोन्ही बदलावेत, कारण दोघांचे रबर एकाच वयाचे असते आणि एक नवा, एक जुना अशा जोडीत जुन्याची पाळी लवकरच येते. नवा बलून चपटा असताना त्यावर गाडीचे वजन कधीही उतरवू नये. चाक लोंबते असतानाच त्यात थोडी हवा भरून घडी सरळ बसवावी, आणि मग भार टाकावा. त्यानंतर ड्रायरचे दाणे बदलावेत, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये भुकटी असल्यास तो साफ करावा अथवा बदलावा, आणि कॉम्प्रेसर नवा घातला तर त्याचा रिलेही नवा घालावा. सेन्सर बदलला असेल तर उंचीची नोंद नियंत्रकात नव्याने करून घ्यावी.

हवेची व्यवस्था काढून पोलादी वेटोळी बसवण्याचा मार्गही काही मालक पत्करतात, आणि ज्याची गाडी बहुतेक रिकामी धावते व जो दुर्गम भागात राहतो, त्याच्या दृष्टीने तो गैर म्हणता येणार नाही. त्याने एवढे मात्र समजून घ्यावे की भार चढल्यावर पाठ समपातळीवर राखण्याचा गुण त्याबरोबर जातो, आणि नियंत्रकात योग्य तो बदल न केल्यास डॅशबोर्डवरचा इशारा कायमचा पेटून राहतो. निवड कोणतीही असो, ती निदानानंतर व्हावी. निदान टाळण्यासाठी होऊ नये.

आपल्याकडे बदललेल्या भागाची किंमत विनातक्रार दिली जाते आणि तपासासाठी लागलेल्या वेळेची मजुरी मागितली की घासाघीस होते. या सवयीमुळेच कारागीर तपास सोडून भाग बदलण्याकडे वळतो, कारण त्याचा चरितार्थ त्यावर चालतो. ज्याने रात्रभर गाडी ठेवून घेतली, चार वेळा टेप लावली, साबणाच्या पाण्यापुढे बसून राहिला आणि शेवटी चीर अमुक ठिकाणी आहे असे दाखवून दिले, त्याने अद्याप एकही भाग विकलेला नसला तरी कामाचा अधिक अवघड अर्धा भाग पार पाडलेला असतो. त्या अर्ध्या भागाचे मोल वेगळे ठरवून आधी द्यावे, आणि त्याने घेतलेल्या मापांचा कागद गाडीच्या दप्तरात जपून ठेवावा. पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी पुन्हा बसली तर पुढचा तपास त्या कागदापासून सुरू करता येतो.